ती गोळी मी निवडली होती

दादा,

तुझ्या शोकसभेत तो फोटो लावला होता. खांद्यावर दुनळी बंदूक, डोक्यावर हॅट, एक पाय जीपच्या बंपरवर. कुणीतरी हौसेने मोठा करून आणला होता. समोर पांढऱ्या कपड्यांतले खडी-रेतीवाले, बिल्डर, तुझ्याबरोबर शनिवार-रविवार जंगलात येणारे ते दोघे. एकेक जण उठत होता आणि बोलत होता. दिलदार माणूस. जंगलाचा राजा. एका बारात जनावर लोळवणारा. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझे दात आवळले गेले होते. एका बारात! तू?

तू गेलास याचं मला काहीच वाटलं नाही, असं खोटं मी लिहिणार नाही. वहिनीचा भाऊ स्कूटरवरून निरोप घेऊन शेतावर आला, तेव्हा मी वालाच्या शेंगा तोडत होते. "कळंबोलीच्या साइटवर छातीत कळ आली, हॉस्पिटलपर्यंत पोचलेच नाहीत," असं तो म्हणाला आणि मी बांधावर बसले. लहानपणी मला इंगळी चावली होती, तेव्हा तू मला पाठीवर घेऊन अख्खं माळरान पळाला होतास, ते आठवलं. तुझ्या मानेवरचा घाम आठवला. आणि लगेच, पाठोपाठ, दुसरा विचार आला: आता हा कधीच खरं सांगणार नाही. सुटला हा.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे. आधीही होतेच, पण आधी तू समोर होतास.

आपण पुन्हा सुरुवातीपासून भांडू. नेऱ्याच्या पुढची ती जमीन बाबांनी दोघांच्या नावावर केली, तेव्हा तुला ती नकोच होती. तुझे ट्रक पनवेलभर पळत होते, नवीन इमारतींना खडी पुरवता पुरवता तुला जेवायला वेळ नव्हता. मी शाळेची नोकरी सोडून शेतावर राहायला गेले तेव्हा तू वहिनीला म्हणालास, "माली वेडी झालीय. दोन पावसाळे काढेल आणि येईल परत." मी आले नाही. भात काढल्यावर वाल लावला, बांधाला रताळी लावली आणि डोंगरातली डुकरं माझ्याकडे जेवायला येऊ लागली. सकाळी उठून बघावं तर नांगर फिरवल्यासारखं शेत उकरलेलं.

बंदूक बाबांची. पीकसंरक्षणाचा परवाना त्यांच्यानंतर तुझ्या नावावर झाला आणि तूच माझं नाव त्यावर लावून घेतलंस, म्हणजे तू नसताना मलाही ती हाताळता यावी. हे तू केलंस. कुठल्या भावाने बहिणीच्या हातात बंदूक दिली असती? त्यासाठी मी तुझे आभार मानले होते, आजही मानते. पण बंदूक देताना तू तिच्यात काय भरलंस, तेही मी विसरलेली नाही. तुझ्या त्या दोन मित्रांसमोर तू मला उभं केलंस, सगळ्यात जड बाराचं काडतूस घातलंस आणि म्हणालास, "ओढ घोडा." मी मागच्या मागे पडले. खांदा काळानिळा झाला. तुम्ही तिघे पोट धरून हसत होतात.

"धक्का बसल्याशिवाय बंदूक कळत नाही, माले."

"आणि नेम?"

"नेमाचं काय? एल.जी. घाल. मोठे छर्रे. काही ना काही लागतंच."

काही ना काही लागतं. हे तुझं तत्त्वज्ञान. म्हणून तर तुझी निम्मी जनावरं जखमी होऊन डोंगरात जायची आणि चार दिवसांनी गिधाडं फिरताना दिसली की कळायचं कुठे मेलीत. मी तुला म्हटलं होतं, "मारायचं तर एका गोळीत मारायचं. नाहीतर फटाके लावून पळवायचं." तू म्हणालास, बायकांना शिकारीतलं कळत नाही.

मग आपण मुंबईला गेलो, बंदुकीच्या दुकानात. आठवतं का? काउंटरमागे तो म्हातारा बोहरी होता, चष्मा दोरीने बांधलेला. तू म्हणालास, "सगळ्यात जोरदार गोळी द्या." त्याने तुझ्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "बेन, चालवणार कोण?"

"मी."

"किसपर?"

"डुकरावर. परमिट आहे. चाळीस पावलांच्या पुढे मी मारणार नाही."

"मग जोर काय करायचा? गोळी हलकी घ्या, दारू कमी घ्या. खांदा दुखला की माणूस पुढच्या वेळी घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतो. डोळे मिटून कोणाला लागणार?"

तू बाहेर सिगरेट ओढायला गेलास. त्या म्हाताऱ्याने मला बंदूक उघडून दाखवली. डावी नळी तोंडाशी आवळलेली असते, छर्रे जवळजवळ राहावेत म्हणून. एकच गोळी मारायची तर उजवी, मोकळ्या तोंडाची नळी वापरायची. मग त्याने तीन तऱ्हेची काडतुसं थोडी थोडी दिली. "घरी जाऊन मारून बघा. कुठली चांगली ते मी सांगणार नाही. तुमची बंदूक सांगेल."

मी मारून बघितली. ओढ्याच्या पलीकडे मातीची उंच दरड आहे, तिच्यासमोर गोणपाट टांगलं, त्यावर कोळशाने वाटोळं काढलं. जड गोळ्या खांद्याला झोंबल्या आणि गोणपाटावर कुठेही गेल्या. साध्या गोल शिशाच्या गोळ्या मऊ होत्या, पण लहरी. एक डावीकडे, एक वर. तिसरी तऱ्हा होती ती बुटक्या शिशाची, पाठीला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती स्क्रूने बसवलेली. परदेशी होती आणि महाग. उजव्या नळीतून मारल्यावर तीन भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली. धक्का म्हणशील तर कुणी खांद्यावर थाप मारावी एवढा. पनवेलच्या चांभाराकडून खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याला रबराची गादी बसवून घेतली, तेवढाही राहिला नाही.

तू ते गोणपाट बघितलंस. बराच वेळ बघत होतास. "बार कसला फुसका वाटतो," एवढंच म्हणालास. पण त्या दिवशी संध्याकाळी तू मला शेजारी बसून शिकवलंस. मित्र नव्हते ना, म्हणून. श्वास अर्धा सोड. नळीच्या टोकावरच्या माशीकडे बघ, जनावराकडे नको बघू. बोट दाबत जा, झटका नको. पहिलं डुक्कर जागच्या जागी पडलं तेव्हा तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस, लहानपणी मारायचास तशी. तू तसाच राहिला असतास तर काय बिघडलं असतं, दादा? तुझं कुठे अडत होतं?

उरणला मावशीच्या मुलीचं लग्न होतं. मी दोन दिवस तिकडे होते. परत आले तर कपाटातल्या त्या खोक्यातली काडतुसं कमी होती आणि बंदुकीच्या नळीला वास येत होता. अंगणात जीपच्या चाकांच्या खुणा. मला वाटलं, डुकरासाठी गेला असशील, सांगशील.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी धावत आली. ओढ्याच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथल्या काळूरामची ती बायको. दोघंही लावणीला, कापणीला माझ्याकडे यायची. तिचं लुगडं अर्धं सुटलेलं होतं.

"ताई, त्याला नेला. फॉरेष्टवाल्यांनी नेला. सांबर त्यानी नाय मारला, ताई. आयच्यान नाय मारला. वड्यात मरून पडला होता, पोट फाटलेला. आमी खाल्ला, ता खरा हाय."

सांबराची मादी होती. पोटात गोळी घेऊन ओढ्याने खाली पळत आली आणि वाडीच्या वर मेली. वाडीने मांस वाटून घेतलं, कातडं काळूरामच्या झोपडीमागे सापडलं. डुकराला परमिट मिळतं, सांबर मारलं तर तुरुंग, हे तुला माहीत होतं. मला माहीत होतं. काळूरामलाही माहीत होतं.

मी फॉरेस्टच्या ऑफिसात गेले. टेबलावर कागदाच्या पुडीत जनावरांच्या डॉक्टरने काढलेली गोळी होती. शिसं चेपलेलं, पण पाठीमागे नमद्याची चकती आणि तिच्यात स्क्रू. मी उभ्या उभ्या ओळखली. तसलं काडतूस सबंध तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. ती गोळी मी निवडली होती, जनावर तळमळू नये म्हणून. आणि तू ती पळत्या मादीच्या पोटात घातलीस. गोळी अचूक होती. तू नव्हतास.

मी तिथून सरळ तुझ्याकडे आले. तू ऑफिसात होतास, पंख्याखाली, फोनवर. मी फोन संपायची वाट बघितली.

"काळूरामला आत टाकलंय. जा आणि सांग."

"काय सांगू?"

"सांबर तू मारलंस म्हणून."

तू दार लावून घेतलंस. "माले, माझ्याबरोबर कोण होते माहितेय ना तुला? त्यांची नावं निघाली तर माझी कामं जातील. कातकरी आहे तो. त्याला जेल काय आणि झोपडी काय. मी वकील देईन त्याला. बारकीला महिन्याचं धान्य पाठवीन."

"तू सांगणार नाहीस?"

"तू घरी जा."

हे वाक्य मी किती वेळा मनात फिरवलंय. त्याला जेल काय आणि झोपडी काय. तू हे चिडून म्हणाला नव्हतास. शांतपणे म्हणालास, जणू मला हिशेब समजावून सांगतोयस. तेव्हा मला पहिल्यांदा तुझी किळस आली.

मी घरी गेले नाही. परत फॉरेस्टच्या ऑफिसात गेले आणि जबाब दिला. ही काडतुसं माझ्या कपाटातली आहेत, बंदूक अमुक नंबरची आहे, मी गावात नव्हते, आमच्या अंगणात जीप आली होती. खोक्यात उरलेली काडतुसंही नेऊन दिली. बंदूक पोलिसात जमा झाली. तुझ्यावर गुन्हा दाखल झाला. मला वाटलं, आता काळूराम सुटेल.

तुझा वकील हुशार निघाला. काडतुसं शेतावरून चोरीला गेली, म्हणाला. चोरणारा काळूराम, कारण तो कामाला तिथेच. त्याने काडतूस फोडून गोळी काढली आणि ठासणीच्या बंदुकीत घालून मारली. ती ठासणीची बंदूक कुठे आहे? लपवली असेल. आणि बहीण असं का सांगते? जमिनीचा वाद आहे, साहेब. बहिणीला सगळी जमीन हवी आहे, म्हणून भावाला अडकवतेय. तू तिथे कोर्टात बसला होतास, कडक इस्त्रीच्या शर्टात. मी तुझ्याकडे बघत होते. तू खाली बघितलं नाहीस, हे मला सगळ्यात जास्त लागलं. सरळ माझ्याकडे बघत बसलास.

काळूराम जामिनावर बाहेर आला, तेव्हा त्याच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. आरोपी तुम्ही दोघेही. तू जीपने तारखेला यायचास, तो चालत आणि एस.टी.ने. तारीख पडली की तुझं काही जात नव्हतं. त्याचा दिवस बुडायचा. पुढे ती दोघं तळोज्याच्या बाजूला वीटभट्टीवर गेली. वाडीतल्या लोकांना भीती वाटायची, फॉरेस्टवाले परत येतील म्हणून. सगळ्यांनी त्यांच्यापासून अंतर ठेवलं. बारकीने जाताना मला कोंबडी दिली, सांभाळा म्हणून. तुझं धान्य तिने कधीच उतरवून घेतलं नाही, तुला कुणी सांगितलं होतं का?

खटला वर्षानुवर्षं चालला. आपण बोललो नाही. दिवाळीला वहिनी फराळाचा डबा पाठवायची, मी शेंगा पाठवायचे. गेल्या उन्हाळ्यात तू अचानक शेतावर आलास. एकटाच. जिना चढताना दम लागतो म्हणालास. ओट्यावर बसलास, ताक प्यालास. दरडीकडे बघत होतास. मी थांबले होते. मी खरंच थांबले होते, दादा. माझ्या मनात होतं, आता हा बोलेल. तू माझी माफी मागावीस असं नव्हतं. तू मला लबाड ठरवलंस, ते मी गिळलं असतं. मला एकच वाक्य हवं होतं: काळूरामने मारलं नाही.

तू म्हणालास, "रस्ता रुंद होतोय इकडे. जमिनीला भाव येईल. विकू नकोस इतक्यात."

आणि गेलास.

तेवढ्यासाठी आला होतास का? की बोलायला आला होतास आणि जीभ वळली नाही? लोक म्हणतील, मेलेल्या माणसाला संशयाचा फायदा द्यावा. मी देत नाही. तुला बोलायला कितीतरी वर्षं होती.

म्हणून शोकसभेत, "अजून कुणाला बोलायचंय का?" असं विचारल्यावर मी उठले. सगळे हळहळले, बहीण बोलतेय म्हणून. मी माईकसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "माझा भाऊ चांगला शिकवायचा. बंदूक मला त्यानेच शिकवली. पण ज्या सांबरासाठी काळूराम आज आरोपी आहे, ते सांबर माझ्या भावाने मारलं होतं. हे त्याने सांगायला हवं होतं. तो न सांगताच गेला."

हॉलमध्ये आवाज उठला. तुझ्या त्या दोघांपैकी एक ओरडला, "अहो, आज तरी जमीन सोडा!" कुणीतरी माईकची वायर काढली. एका बाईने माझा दंड धरला, चला ताई, चला, तुमची मनःस्थिती ठीक नाही.

आणि वहिनी उठली.

तुझी शैला. जिने तुझ्यासमोर कधी आवाज चढवला नाही, पाहुण्यांसमोर कधी पूर्ण वाक्य बोलली नाही. ती पुढच्या रांगेतून उठली, वायर उचलली आणि ती काढणाऱ्या माणसाच्या हातात दिली. "लावा." त्याला कळेना. "लावा म्हणते ना." मग ती माईकमध्ये म्हणाली, "माली खरं सांगतेय. त्या रविवारी सकाळी ह्यांचे कपडे मी धुतले. रक्ताचे होते. मी विचारलं, डुक्कर का? हे म्हणाले, सांबर होतं, हातचं गेलं, तू गप्प बस. मी गप्प बसले."

एवढंच बोलून ती खाली बसली. तुझ्या मित्रांनी चपला शोधल्या.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "एवढी वर्षं?" ती पोळ्यांचं पीठ मळत होती. म्हणाली, "तुला काय वाटतं, मला राग येत नव्हता? तुला शेत होतं राग घेऊन जायला. मी इथेच होते, ह्यांच्या ताटासमोर." मी इतकी वर्षं समजत होते की मी एकटीच तुझ्याशी भांडतेय. तुझ्याच घरात, तुझ्या पाठीमागे अजून एक भांडण चालू होतं, आवाज न करता. तुला चाहूल लागली होती का कधी?

परवा आम्ही दोघी भट्टीवर गेलो. काळूराम विटा रचत होता. केस पिकलेत त्याचे. बारकीने आम्हाला बसायला गोणपाट टाकलं, चहा ठेवायला लागली. मी सांगितलं, दादा गेला. त्याने मान हलवली, त्याला कळलं होतं. मग वहिनीने सगळं सांगितलं, कपड्यांचं, तू काय म्हणालास त्याचं. काळूरामने हातातली वीट खाली ठेवली.

"मना कशाला सांगता, वयनी? मना म्हायतच हाय. मीनी मारला नाय, ता मना म्हायत नसंल का? कोर्टातल्या साहेबाला सांगा."

"सांगेन," वहिनी म्हणाली.

"तवा सांगलाव असता त माजी पोरा साळंत गेली असती," तो म्हणाला आणि पुन्हा विटा रचायला लागला. बारकीने चहा दिला. वहिनी तो पिऊ शकली नाही, पण पेला हातात धरून बसली.

तुझ्यावरचा खटला तू मेल्यामुळे संपला. त्याच्यावरचा संपलेला नाही. त्याच्या वकिलाने आता अर्ज केलाय, वहिनीची साक्ष घ्यावी म्हणून. काल तुझ्या वकिलाचा फोन आला होता. घराण्याच्या अब्रूबद्दल, गेलेल्या माणसाच्या नावाबद्दल बरंच बोलत होता, पलीकडून मला ऐकू येत होतं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तू तिला अडवू शकत नाहीस, दादा. पहिल्यांदाच अडवू शकत नाहीस.

मग तिने मला विचारलं, "काळूराम तारखेला एस.टी.नेच येतो ना?"

"हो."

"आपण रिक्षा करू. जाताना त्याला घेऊ."